चार चिऱ्यांवरची गाडी

आमच्या गाडीला चाकं नव्हती, त्या अडीच महिन्यांत रत्नागिरीत आमच्याइतकं प्रसिद्ध घर दुसरं नव्हतं. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर आम्ही राहायचो. अंगणात, माडांपासून पावलं मोजून दूर, आमची छोटी पांढरी गाडी जांभ्या दगडाच्या चार चिऱ्यांवर बसलेली असायची. येणाराजाणारा थांबायचा, बघायचा आणि विचारायचा, "काय झालं?" मी म्हणायचे, "चाकं निवडणं चाललंय." यावर पुढे काय विचारायचं ते कुणालाच सुचायचं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही सुचलं नसतं.

निवडणारे म्हणजे आमचे हे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे घरात जगाची विभागणी सरळ होती: जग कुठे आहे ते मी सांगायचे आणि ते कशाचं बनलंय ते हे सांगायचे. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. ही छोटी गाडी तेव्हा नुकतीच गावोगाव दिसायला लागली होती. आमची जुनी होती, मुंबईच्या चुलतदिरांनी वापरून आम्हाला दिलेली, पण आमच्या आळीत ती नवीच.

गाडी घेण्यामागे कारण एकच होतं, माझी आई. आई दापोलीला एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि गुडघे असे की एस.टी.ची पायरी तिला कड्यासारखी वाटायची. दापोलीला ना रेल्वे ना काही, एस.टी. नाही तर चालत. डोळ्यांचं ऑपरेशन रत्नागिरीत व्हायचं होतं. दोन वर्षं मी तिच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ती "हो" म्हणाली, तेही अट घालून. करीन तर थंडीत करीन. थंडी सरली की डोळ्याला सुरी लावून घेणार नाही, उन्हाळ्यात डोळा चिघळतो. तेव्हा सगळेच असं मानायचे, डॉक्टरसुद्धा "थंडीत केलेलं बरं" म्हणाले. म्हणजे माघ संपायच्या आत. "आईंना गाडीतून आणू," असं हेच आपणहून म्हणाले होते, आणि त्या दिवशी मला यांचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान मी पुढे बरेच दिवस पुरवून पुरवून वापरला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी दापोलीला निघायचं ठरलं. आदल्या दिवशी हे गाडी टायरवाल्याकडे दाखवायला घेऊन गेले. त्याने पुढचं डावं चाक खोललं आणि रिमची कड बोटाने चाचपून सांगितलं, "सर, ही रिम गंजाने खाल्लीय. बाकीच्या तीन ठीक आहेत. ही एक बदला."

एवढं साधं वाक्य. दुसरा कुणीही एक रिम बदलून घरी आला असता. पण आमच्या ह्यांनी गंजावर वीस वर्षं तास घेतले होते. बंदरातून बर्फ आणि मासळी भरलेले ट्रक आमच्याच चढावरून जायचे, त्यांच्यातून खारं पाणी गळायचं, त्यावरून आमची गाडी जायची. हे सगळं यांच्या डोळ्यांपुढे समीकरणासारखं उलगडलं असावं. संध्याकाळी घरी आले ते हातगाडीवरून चार टायर घेऊन. गाडी मागून बैलगाडीवर, चौघांनी उचलून चढवलेली.

"रिमा कुठायत?" मी विचारलं.

"भंगारात दिल्या."

"चारही?"

"एकीला लागण झाली म्हणजे उरलेल्या तिघींचा प्रश्न फक्त वेळेचा असतो. मी आता अ‍ॅलॉय व्हील बसवणार. मिश्रधातू. त्याला लोखंडासारखा गंज नाही. एकदा बसवलं की आपल्या नातवंडांपर्यंत बघायला नको."

आम्हाला तेव्हा मूलही नव्हतं. पण मी तिकडे गेले नाही. मी एवढंच म्हटलं, "आधी नवीन आणायची, मग जुनी द्यायची, अशी पद्धत आहे." त्यावर हे म्हणाले की शत्रूला घरात ठेवून लढता येत नाही. रविवारी आईला तार केली: चाकांमुळे उशीर, पुढल्या आठवड्यात येतो.

पुढल्या आठवड्यात यांनी निवडीला सुरुवात केली.

रत्नागिरीत असली चाकं मिळायची नाहीत. कुणी पाहिलीही नव्हती. फक्त बंदरावरच्या एका आखातातून परतलेल्या माणसाकडे एक परदेशी मासिक होतं, त्यात रंगीत चित्रं होती. ती हे कापून घेऊन आले. मुंबईच्या चुलतदिरांना पत्र गेलं, त्यांनी दुकानांत हिंडून आणखी चित्रं पाठवली. सगळी चित्रं स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कालनिर्णयाची पानं जिथे फडफडायची त्या खिळ्याखाली, भाताच्या खळीने चिकटवली. शेवटी तीन नमुने उरले. एकाला पाच जाड पाय होते, त्याला मी तारामासा म्हणायचे. दुसरं सगळं भोकाभोकांचं, ती चाळण. तिसरं इतकं वेटोळेदार की त्याला जिलबीशिवाय दुसरं नाव नव्हतं. हे जेवताना त्या भिंतीसमोर बसायचे. घास हातात धरून म्हणायचे, "चाळणीत चिखल अडकेल." दोन घासांनंतर, "पण हवा खेळती राहील." आमटी गार व्हायची.

मी म्हणायचे, "अहो, आईला काही दिसत नाही. तिला जिलबीतून आणलंत काय आणि चाळणीतून आणलंत काय."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस," हे म्हणायचे.

मग प्रयोग सुरू झाले. मिश्रधातू म्हणजे बरंचसं अ‍ॅल्युमिनियम, ते आपल्या खाऱ्या हवेत कसं टिकतं ते पाहायला हवं. त्यासाठी माझ्या पातेल्याचं चांगलं झाकण कात्रीने कापलं गेलं. मिरकरवाड्यावरून समुद्राचं पाणी आलं, सहा बरण्या भरल्या, प्रत्येकीत झाकणाचा एकेक तुकडा, आणि बरण्या माझ्या लोणच्यांशेजारी फळीवर. वर चिठ्ठ्या, "नमुना १", "नमुना २". पौषात आवळे आले. मी आवळे मिठाच्या पाण्यात घालून ठेवते. घाईत मी दोन मुठी आवळे तिसऱ्या बरणीत सोडले आणि विसरून गेले. चार दिवसांनी हे वहीत लिहिताना दिसले, "नमुना ३: तळाशी हिरवट, गोलाकार वाढ. कारण अज्ञात." मी तो कागद वाचला आणि ओट्याला धरून हसत बसले. यांना खरं सांगितलं तेव्हा हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या आवळ्यांमुळे संपूर्ण प्रयोग दूषित झाला होता.

बाकीच्या बरण्यांतल्या तुकड्यांवर मात्र पांढरी भुकटी धरली आणि बारीक खड्डे पडले. मला वाटलं, सुटलो. पण हे म्हणाले, "पातेल्याचं झाकण वेगळं आणि मिश्रधातू वेगळा." नवीन बरण्यांसाठी ते माझ्या डब्यांकडे बघायला लागले. मी डबे कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली.

या सगळ्या काळात आईची पोस्टकार्डं येत होती. आईचं अक्षर एकेकाळी असं होतं की एका कार्डात ती गणपतीपासून शिमग्यापर्यंतची हकिकत बसवायची. आता अक्षरं मोठी झाली होती. मार्गशीर्षातल्या कार्डावर आठ ओळी होत्या. पौषात आलेल्या कार्डावर तीन, बोटभर उंचीच्या: "मी बरी आहे. चाकं आली का? थंडी चांगली आहे." आईने थंडीची अशी तारीफ आयुष्यात कधी केली नव्हती. ती वाट बघत होती, एवढाच त्याचा अर्थ.

मी ते कार्ड तीन चाकांच्या शेजारी, त्याच भिंतीवर चिकटवलं. हे जेवताना त्याच्याकडे बघायचे नाहीत.

चुलतदिरांनी मग एक चाक नमुना म्हणून पाठवलं. मुंबईहून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून, गोणपाटात शिवून. तारामासा होता. काय चकचकीत होता म्हणून सांगू! चार माणसं बघायला आली. ह्यांनी तो उचलून गाडीपाशी नेला, लावायला गेले आणि तसेच उभे राहिले. आमच्या गाडीला बोल्ट होते चार. ह्या चाकाला भोकं होती पाच. माझ्या शिवणाच्या टेपने ह्यांनी भोकांमधलं अंतर तीनदा मोजून मुंबईला कळवलं होतं. भोकं किती ते कळवायचं राहिलं होतं.

चाक दिवाणखान्यात आलं. परत पाठवायचं तर पुन्हा गोणपाट, पुन्हा एस.टी., आणि हे म्हणाले, राहू दे, अभ्यासाला बरं. मुलगी बघायला आल्यासारखे लोक येत, चाकासमोर बसत, पोहे खात.

आमच्याकडे रोज एक मासेवाली यायची. खारवीण होती, तोंडाने फटकळ, बांगडे आणि टोमणे दोन्ही ताजे. पाटी उतरवताना ती रोज गाडीकडे बघून म्हणायची, "वैनी, अंडी कधी घालतेय ही?" मी हसायचे. एके दिवशी मी हसले नाही. त्या सकाळी आईचं नवीन कार्ड आलं होतं. त्यावर ओळीवर ओळ चढली होती. कुठे लिहून झालंय ते तिला दिसलं नव्हतं, आणि तिने लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलं होतं. काळं गुंतवळ नुसतं. खाली कोपऱ्यात एक शब्द सुटा राहिला होता: "थंडी".

मी पायरीवर बसून रडायला लागले. मासेवालीने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. आईचे डोळे, माघ, भंगारात गेलेल्या रिमा, तारामासा, सगळं. माघाचे बारा दिवस उरले होते. ती ऐकत होती, आणि मध्येच तिचा हात तोंडावर गेला.

"वैनी, आग त्या रिमा आमच्याकडं हायत की."

तिच्या घोवाने, म्हणजे नवऱ्याने, नवी होडी बांधायला काढली होती. नांगराला वजन हवं म्हणून त्याने भंगारवाल्याकडून चार रिमा घेतल्या होत्या. मी टोपलीतले बांगडे तसेच टाकून तिच्यामागून उतार उतरले. हे कॉलेजला निघाले होते, त्यांनाही ओढून नेलं.

किनाऱ्यावर होडी उभी होती, हिरवीगार, काठाला पिवळा पट्टा. तिच्याशेजारी माझ्या संसारातल्या तीन रिमा दोरखंडाने एकत्र बांधून ठेवलेल्या, हिरव्यागार, काठाला पिवळा पट्टा. खारव्यांच्या घरात होडी रंगवायला काढली की उरलेला रंग घरातल्या सगळ्या लोखंडाला जातो. विळी, बिजागऱ्या, बादलीची कडी. "लोखांड दर्यावर उघडा ठेवायचा न्हाय," तिचा घोव म्हणाला. "माज्या बापसान सांगितलान." घासून, गंज न धरण्यासाठी तांबड्या रंगाचा एक हात देऊन, वर दोन हात रंग. एकाही रिमेवर गंजाचा ठिपका नव्हता. हे खाली वाकून बघत राहिले. वीस वर्षं गंज शिकवणारा माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मी नापास झालेल्या मुलाचा भाव पाहिला.

"चौथी?" ह्यांनी विचारलं.

चौथी म्हणजे गंजाने खाल्लेली. ती घरामागे होती, तिच्यात कोंबडी बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती.

तीन रिमा. चार हव्यात. तेवढ्यात मला नारळ आठवले. गाडी चिऱ्यांवर चढल्यापासून डिकी रिकामीच होती म्हणून मी तिच्यात नारळ साठवत होते. नारळ कशावर ठेवत होते? स्टेपनीवर. पाचवं चाक, रिमेसकट, कोरडं, धडधाकट, डिकीत. अडीच महिने मी दिवसाआड त्या चाकावर नारळ ठेवत होते, काढत होते, आणि ह्यांना मूर्ख म्हणत होते. टायरवाल्याने सांगितलं होतं, तीन चांगल्या आहेत. तीन आणि एक चार. ठरलेल्या रविवारीच आम्ही दापोलीला जाऊ शकलो असतो. एक रसायनाचा प्राध्यापक आणि एक भूगोलाची शिक्षिका, दोघांना मिळून चारपर्यंत मोजता आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी हे त्या क्षणी ह्यांना सांगितलंसुद्धा नाही. संध्याकाळी सांगितलं.

"मग द्या ना आमच्या रिमा," मी तिच्या घोवाला म्हटलं. "मोबदल्यात काय हवं ते वजन देते."

तो मान हलवायला लागला. नांगराची पूजा झाली होती. हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता. पूजलेला नांगर दर्याचा झाला. तो मागे कसा द्यायचा? "ते काय माज्या हातात न्हाय मास्तर. कौल लावाया लागेल."

आता कौल म्हणजे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. गुरव देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. विहिरीपासून लग्नापर्यंत सगळं लोक असं विचारून करतात. आणि आमचे हे अशा गोष्टींवर दरवर्षी कॉलेजात भाषण देणारे! ओलसरपणा, पृष्ठभाग, गुरुत्वाकर्षण, फळ्यावर आकृती काढून. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं कार्ड पुढे केलं. ह्यांनी ते गुंतवळ बराच वेळ बघितलं, आणि नारळ आणायला दुकानाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आम्ही दोघं, मासेवाली, तिचा घोव आणि त्यांच्या वाडीतली पंधरावीस माणसं. रिमा देवीपुढे मांडलेल्या. गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा म्हाराजा! आज ह्यो कालेजातला मास्तर तुज्या पायाशी आला हाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"येची गाडी चार चिऱ्यावर बसली हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"येची चाकां ह्या लेकरान नांगराला लावलीत, त्यास ती परत पायजेत! काय चूकभूल आसल ती पोटात घाल, आनी काय ता उजव्या अंगान सांग!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी त्यात ह्यांचाही आवाज होता. मी चोरून बघितलं. मान खाली, कान लाल.

कळ्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. शेवटी तो ह्यांच्याकडे वळला. "मास्तर, देवी बोलत न्हाय. चाकां कशाला पायजेत ता तुमी तुमच्या तोंडान सांगा."

ह्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," हे पाषाणाला म्हणाले, "लोखंड, ओलावा आणि हवेतला प्राणवायू यांचा संयोग झाला की..." आणि खरोखर, देवीसमोर उभं राहून, ह्यांनी गंजाचा पाठ सुरू केला. खारं पाणी आल्यावर क्रिया जलद कशी होते तेही सांगितलं. लोक हात जोडून ऐकत होते. मधल्या एका वाक्यानंतर दोघंतिघं "व्हय म्हाराजा" म्हणाले. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. आत दोन्ही एकदम उसळल्यावर काय करायचं असतं ते मला आजही कळलेलं नाही.

"मास्तर," गुरव शांतपणे म्हणाला, "ता न्हाय. गाडीत बसणार कोन?"

हे थांबले. खालून समुद्राचा आवाज येत होता.

"माझ्या सासूबाई," हे म्हणाले. "त्यांना दिसत नाही. थंडी संपत आली. मी... मी चाकं निवडत बसलो."

उजवी कळी पडली.

गलका झाला. मासेवालीने माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. घरी येताना चढावर हे म्हणाले, "एवढ्या वेळात कळीतलं पाणी सुकतं. तेव्हा ती पडणारच होती." मी म्हटलं, "हो ना." त्यावर बराच वेळ चालून झाल्यावर हे म्हणाले, "पण उजवी का पडली, ते बघायला हवं." ते त्यांनी कधीच बघितलं नाही.

नांगराच्या बदल्यात तारामासा द्यावा असं ह्यांच्या मनात होतं. मासेवालीने तो एका हाताने उचलला आणि मोठ्याने हसली. एवढा हलका नांगर होडीला धरणार की होडी नांगराला, असं तिने विचारलं. मग मी परसातलं सासूबाईंचं जुनं जातं दिलं, त्याचे दोन्ही दगड. तारामासाही तिने नेलाच, शोभेला. होडी पाण्यात उतरली तेव्हा नाळेवर, अगदी पुढे, तो चकचकीत तारामासा तारेने बांधलेला होता. रत्नागिरीतलं पहिलं अ‍ॅलॉय व्हील असं समुद्राला लागलं. खाऱ्या पाण्यात ते कसं टिकतं ह्याचा प्रयोग आता बरणीशिवाय चालू होता, आणि हे अधूनमधून बंदरावर जाऊन तो बघून यायचे. वर्षभराने ते पांढरंफटक पडलं. वहीत ह्यांनी त्याची नोंद केली नाही.

आम्ही दापोलीला गेलो ते तीन हिरव्यापिवळ्या चाकांवर आणि एका राखाडी चाकावर. खेडच्या अलीकडे पोरं गाडीमागे धावत होती. आई दारात उभी होती, नेसून, पिशवी घेऊन, किती वेळ उभी होती कोण जाणे. ह्यांनी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. ती सीट चाचपत म्हणाली, "चांगली निवडलीत हो चाकं? अडीच महिने घेतलेत." हे म्हणाले, "हो. उत्तम आहेत." आणि तिच्या बाजूचं दार नीट लागलंय ना ते दोनदा ओढून बघितलं.

माघ संपायला चार दिवस असताना एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, पण तेव्हा ऑपरेशननंतर चष्मा यायला दीड-दोन महिने लागायचे, तोवर सगळं धूसरच. ह्यांनी तिला त्याच गाडीतून परत पोहोचवलं. चष्मा जाड भिंगांचा, टपालाने गेला. पाठवताना ह्यांनी तो कापसात गुंडाळून स्वतः खोक्यात बांधला, आणि ते खोकं मला शिवू दिलं नाही.

वैशाखात पोस्टकार्ड आलं. मी शाळेतून आले तर ते ह्यांच्या हातात, आणि हे रागावलेले. "बघ काय लिहिलंय तुझ्या आईने," म्हणाले. मी घेतलं. आईने लिहिलं होतं की चष्मा बरा आहे, आंबा यंदा कमी आहे, शेजारणीच्या म्हशीला रेडकू झालं. आणि मधे असं: शेजारच्यांच्या मुलाने आपल्या गाडीचा जातानाचा फोटो काढला होता तो आज बघितला. जावयांना सांग, तीन चाकं हिरवी आणि एक करडं, शिवाय पिवळी किनार, हे मला त्या दिवशी दिसलं असतं तर मी त्या गाडीत पाऊल ठेवलं नसतं. अडीच महिने निवडून ही आणली?

"मी रंग निवडला नव्हता," हे म्हणत होते. "तुला माहीत आहे. तिला कळव तसं. स्पष्ट कळव."

"अहो," मी म्हटलं, "काय लिहिलंय ते राहू दे. कार्ड बघा."

ह्यांनी परत बघितलं. कार्ड कडेपासून कडेपर्यंत भरलं होतं. बारीक अक्षर, मुंगीएवढं, गणपतीपासून शिमग्यापर्यंत मावेल असं. सतरा ओळी होत्या. मी मोजल्या, ह्यांनीही मोजल्या. एकही ओळ दुसरीवर चढली नव्हती.